मदत हवी आहे: वारीत नेटवर्क नसताना फोन ते फोन निरोप

रामकृष्ण हरी मंडळी.

आमची दिंडी माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून निघते. दिवे घाट लागला की गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं. गेल्या वर्षी सासवडला आमच्यातल्या एक आजी चार तास सापडत नव्हत्या. त्या भेटल्याचा निरोप ट्रकपर्यंत आला होता, पण शोधत फिरणाऱ्या दोघांना तो मिळालाच नाही. यंदा हे होऊ द्यायचं नाही.

ट्रकवर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर मॉस्किटो ब्रोकर (निरोप घेऊन ज्याचे त्याला पोचवणारा प्रोग्रॅम) आणि वायफाय राउटर आहे. ११ स्वयंसेवकांच्या अँड्रॉइड फोनवर मी लिहिलेलं छोटं अ‍ॅप आहे. निरोपांसाठी एमक्यूटीटी ही पद्धत (प्रोटोकॉल) घेतली; ब्रोकर तीच बोलतो. कारण ती १९९९ साली उपग्रहावरून तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवायला, म्हणजे भरवशाच्या नसलेल्या जोडणीसाठीच घडवली होती.

अडचण अशी की कोणी टँकरकडे जाऊन परत आला की मधले निरोप त्याला मिळत नाहीत. पाठवताना क्यूओएस (पोचवण्याच्या हमीची पातळी) १ आहे, म्हणजे निरोप निदान एकदा पोचलाच पाहिजे; ० म्हणजे हमी नाही. क्लायंट आयडी, म्हणजे ब्रोकरला फोन ओळखू येतो ते नाव, दर वेळी नवा बनवतो, कारण दोन फोनांचा आयडी एकच झाला की ब्रोकर आधीच्याला हाकलतो. तो त्रास एकदा भोगलाय.

दुसरा प्रश्न जास्त छळतो. दोन स्वयंसेवक ट्रकच्या दोन किलोमीटर पुढे, एकमेकांशेजारी उभे असतात, तरी ब्रोकर नाही म्हणून त्यांचे फोन मुके. ‘लाइम’ या फिरत्या उपकरणांसाठीच्या प्रणालीबद्दल वाचलं: प्रत्येक फोनजवळ स्वतःची ट्युपल स्पेस (नोंदी ठेवायची-उचलायची सामायिक जागा), फोन भेटले की त्या सगळ्या मिळून एकच होते. अँड्रॉइडवर असं कोणी चालवलंय का? चार्जिंग फक्त रात्री मुक्कामी मिळतं.

प्रतिसाद १:
आधी सबस्क्राइब करतानाचा, म्हणजे फोन ब्रोकरकडे निरोप मागतो तेव्हाचा, क्यूओएस पाहा. पाठवणारा आणि घेणारा यांतला जो कमी, तोच लागू होतो. क्लीन सेशन (दर जोडणीला मागचं सगळं पुसण्याची सोय) बंद करा, आयडी प्रत्येक फोनला एकदाच द्या आणि जपून ठेवा. तरच ब्रोकर गैरहजर माणसासाठी निरोप राखून ठेवतो. मॉस्किटोत पर्सिस्टन्सही (निरोप डिस्कवर लिहून ठेवणं) चालू करा, नाहीतर पायची वीज गेली की राखलेलंही जातं.

लाइमच्या वाटेला जाऊ नका. तिथे कोण आला, कोण गेला हे सगळ्यांनी एकाच वेळी मान्य करावं लागतं. गर्दीत जोडणी न सांगता तुटते. त्यापेक्षा प्रत्येक निरोपावर फोनचं नाव आणि अनुक्रमांक घाला. दोन फोन भेटले की ‘माझ्याकडे कुठपर्यंत आहे’ एवढंच आधी सांगायचं, मग उरलेलं द्यायचं. ट्रकसुद्धा त्यातलाच एक फोन समजा. जोडणीला गूगलचं निअरबाय कनेक्शन्स (जवळचे फोन थेट जोडणारी सोय) वापरा, इंटरनेट लागत नाही. जवळच्या फोनांचा शोध सतत चालू ठेवू नका, थोड्या थोड्या वेळानेच करा. बॅटरी तिथेच जाते.

मूळ लेखक:
सबस्क्राइबला क्यूओएस ० होता! बदलून एक फोन चौकापर्यंत नेऊन आणला, मधले सातही निरोप आले. अनुक्रमांकांचं काम आज रात्री घेतो. पण तोच निरोप ट्रककडूनही आला आणि शेजारच्या फोनकडूनही, तर दुसरा टाकून द्यायचा तो क्रमांक पाहूनच ना?