पदवी लपवण्यापेक्षा अभ्यासकेंद्रात विचारा
जास्त शिकलेल्या बाईला अर्धवेळ काम मिळत नाही, या इथल्या प्रश्नावर बायोडेटात एम.एस्सी. लिहूच नका, फक्त बारावी दाखवा, असं वर कोणीतरी सुचवलंय. मला पटत नाही. मधली पाच वर्षं काय केलं, हे कोणीही विचारणारच. अडचण मात्र शंभर टक्के खरी आहे. माझ्या वहिनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहेत, मुलगी शाळेत असते तेवढ्या वेळेपुरतं काम हवं होतं. इथे नाशिकमध्ये अंबडला प्रयोगशाळेत पूर्ण शिफ्टच हवी, आणि कॉलेज रोडच्या एका दुकानात ‘तुम्ही एवढ्या शिकलेल्या, टिकणार नाही’ म्हणून नकार. शिक्षणाचा असा अडसर व्हावा याचा फार राग येतो.

एक वाट इथे कोणी सांगितली नाही. 1989 साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या गंगापूर धरणाजवळ आहे, पण शिकवणं चालतं ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतल्या अभ्यासकेंद्रांत. संपर्कसत्रं, म्हणजे प्रत्यक्ष तास, बहुधा रविवारी, तेव्हा मुलं घरच्यांकडे ठेवता येतात. समंत्रकाच्या, म्हणजे हे तास घेणाऱ्याच्या, कामाला पदव्युत्तर शिक्षण आड येत नाही, उलट तेच बघतात. वहिनींनी केंद्रसंयोजकांना प्रत्यक्ष भेटून अर्ज दिला, तिथूनच काम मिळालं. मानधन सत्रागणिक असतं, त्यावर घर चालणार नाही. प्रवेश सुरू असतानाच भेटा, वेळापत्रक लागल्यावर जागा उरत नाही.