चार वर्षांच्या घोडीचे दात

उडी, रानातली रपेट आणि लहान मुलांना पाठीवर घेऊन शांतपणे चालणं, हे सगळं एकच चार वर्षांची घोडी करते म्हणून ती घोडेस्वारीच्या शिबिरासाठी सर्वांत योग्य, असं एकाने लिहिलंय. गुण मान्य. अशी हुशार जनावरं असतात आणि ती फार लळा लावतात. पण त्याच लिखाणात पुढे तीच घोडी 'हल्ली मान झटकते, अडेल झालीय' असंही म्हटलंय, ते मला पटत नाही. तिचे दात कुणी पाहिले का?

घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात. दाढाही याच काळात बदलतात. म्हणजे आपण लगाम शिकवतो तेव्हाच तोंडात सगळी उलथापालथ चालू असते. मी सुट्टीत ज्या फार्मवर मदतीला जायचे, तिथली एक तांबडी घोडी अशीच अचानक लगाम लावू देईना. सगळे तिला शिस्त लावायला निघाले होते. घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दारकाकांनी मात्र तिच्या तोंडातून चारा चघळून खाली पडतोय हे हेरलं. डॉक्टरांनी पाहिलं तर दुधाच्या दाढेचं टोपण, म्हणजे तिचा झिजून उरलेला वरचा भाग, नव्या दाढेवर अडकून हिरडीला टोचत होतं. ते काढलं, काही दिवस तोंडात लगामाचं लोखंड न घालता फक्त मोहरकीवर (डोक्याला बाहेरून बांधायच्या दोरीवर) फिरवलं, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी दुडक्या चालीने मुलांना घेऊन निघाली. पाठीचे मणके तर पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पक्के होत असतात, तेव्हा उड्या जरा कमीच ठेवा.