लॉर्डचा 'मेलोड्रामा': मोकळ्या खोलीत सोफासेट?

रिकामी_जागा:
न्यूझीलंडची गायिका लॉर्ड हिचं 'रॉयल्स' पुन्हा एकदा ऐका. चुटक्या, खालून घुमणारा ठोका आणि सोळा वर्षांच्या पोरीचा आवाज. बास. ऑकलंडमध्ये संगीत निर्माता जोएल लिटलबरोबर केलेलं हे गाणं २०१३ मध्ये अमेरिकेत सलग ९ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. पहिल्या अल्बमनंतर चार वर्षांनी, २०१७ मध्ये 'मेलोड्रामा' आला. जोडीला निर्माता जॅक अँटोनॉफ. पियानो, सिंथ, कोरस, सगळं खच्चून भरलेलं. लोक म्हणतात, प्रगल्भ झाली. मला वाटतं तिची सगळी गंमत त्या मोकळ्या जागेत होती आणि तिथेच आता सोफासेट आणून ठेवलाय.

अर्धा_कटिंग:
त्याच अल्बममधलं 'लायबिलिटी' ऐकलंत का? एक पियानो, एक आवाज. यात सोफा कुठे दिसला?

रिकामी_जागा:
एका गाण्याने अख्खं घर मोकळं होत नाही.

पेटीवाले:
'ग्रीन लाइट'चं बोलू. सुरुवातीला नुसता पियानो आणि ती, जरा चिडकी. मग मधेच सूरच पालटतात, पियानो नाचायला लागतो, आणि ड्रम जिथे यायला हवा तिथे येतच नाही. आपण मान हलवायला तयार, आणि सम पुढे ढकललेली! मॅक्स मार्टिनसारख्या हिट गाण्यांच्या कारागिराने याला 'चुकीची गीतरचना' म्हटल्याचं तिनेच सांगितलंय. तरी तिने ते तसंच ठेवलं. पहिल्या यशाला घाबरलेली मुलगी असं करते? दुसऱ्या अल्बमला बहुतेकजण आपलंच पहिलं गाणं परत गातात. (मीही गॅदरिंगला दोन वर्षं एकच भावगीत गायलोय, असो.)

रिकामी_जागा:
सम लपवणारा तबलजी मलाही आवडतो, पेटीवाले. पण शेवटी कोरस फुटतो आणि सगळे नाचतात. 'रॉयल्स' कुणाला नाचवत नव्हतं, तरी डोक्यात बसलं. 'ग्रीन लाइट' अमेरिकेत १९ व्या नंबरावर अडकलं.

अर्धा_कटिंग:
आता नंबर मोजायचे? मग अल्बम तिकडे पहिल्याच आठवड्यात एक नंबरला होता तेही लिहा. ग्रॅमीत वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमसाठी नामांकन होतं, गेलं ब्रुनो मार्सकडे.

पेटीवाले:
नंबर राहू द्या. अख्खा अल्बम म्हणजे एका रात्रीची पार्टी आहे. पार्टीच्या घरात गर्दी असणारच. 'हार्ड फीलिंग्ज' हेडफोन लावून ऐका. प्रेम तुटल्याचं हळुवार गाणं चाललंय आणि मधेच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कर्कश आवाज. अंगावर काटा येतो. तुमच्या सोफ्याला असे खिळे असतात का?

रिकामी_जागा:
आत्ता ऐकलं. खिळे आहेत, मान्य. पण त्यालाच जोडलेलं 'लव्हलेस' लगेच लाडीगोडीच्या चालीवर येतं.

अर्धा_कटिंग:
शब्द ऐका हो, चाल नको. गोड बोलून धमकी देतेय ती.