‘स्टँडबाय’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

शब्दवेडी:
मंडळी, एका शब्दाने दोन दिवस छळलंय. एका विमान कंपनीची कर्मचाऱ्यांसाठीची प्रवास-पुस्तिका इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करतेय. कर्मचारी, त्यांचे आईवडील, नवराबायको यांना अगदी थोडक्या पैशात तिकीट मिळतं, पण सीट पक्की नसते. पैसे भरून आलेले सगळे बसले आणि जागा उरली, तर तुम्ही आत. हा ‘स्टँडबाय’ पानोपानी आहे. मी डोळे मिटून सगळीकडे ‘लिस्ता दे एस्पेरा’ घातलं. शब्दशः पाहिलं तर प्रतीक्षायादी. तपासनिसाने ते लाल करून समोर एवढंच लिहिलं: ‘कोणती?’

आधी राग आला. मग नवव्या पानावरचं वाक्य बघितलं: ‘वेटलिस्टवरच्या प्रवाशांना स्टँडबाय प्रवाशांच्या आधी जागा मिळेल.’ माझ्या भाषांतरात त्याचं झालं होतं, ‘प्रतीक्षायादीवरच्यांना प्रतीक्षायादीवरच्यांच्या आधी जागा मिळेल.’ आता बोला.

उपरा:
हसून घेतलं, माफ करा. पण हा फरक मलाही नीट माहीत नाही. स्टँडबाय म्हणजे आपल्या रेल्वेचं आरएसीच ना?

गेटवरचा:
नाही हो. आरएसीवाला निदान गाडीत चढतो. साइड लोअरवर दोघं अवघडून बसतील, पण गाव येतं. स्टँडबायवाला दार बंद होईपर्यंत बाहेरच.

मी बरीच वर्षं विमानतळावर गेटवर काम केलंय, तिथून सांगतो. वेटलिस्ट ही बुकिंगची यादी. विमान भरलंय, तुम्ही नाव लावून घरी जाता, कुणी तिकीट रद्द केलं की तुमचं पक्कं होतं. आपल्या वेटिंग लिस्टसारखंच, चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला. स्टँडबाय ही त्या दिवसाची, त्या गेटवरची यादी. तिच्यात पुन्हा दोन जाती आहेत. एक, पैसे भरलेला प्रवासी, ज्याचं तिकीट संध्याकाळच्या विमानाचं आहे पण दुपारच्यात जागा झाली तर हवी आहे. त्याला ती नाही मिळाली तरी संध्याकाळची सीट त्याचीच. दुसरा तुमच्या पुस्तिकेतला, कर्मचाऱ्याच्या सवलतीवरचा. त्याला कुठल्याच विमानात हक्काची जागा नाही.

तिकिटावर हे कोडात लिहिलेलं असतं. आयडी-९० म्हणजे ९० टक्के सूट, आर-टू म्हणजे जागा उरली तर. आर-वन असेल तर सीट धरता येते. अमेरिकेत काही ठिकाणी गेटच्या पडद्यावर आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक, अशी यादी लागते. कुलकर्णी असाल तर तिथे तुम्ही फक्त ‘केयूएल’ आणि पुढे नावाचं एक अक्षर. समोर बरोबरची खूण आली की गंगेत घोडं न्हालं.

शब्दवेडी:
म्हणजे तपासनिसाचं ‘कोणती?’ रास्तच होतं. पण मग ह्या दुसऱ्या जातीला स्पॅनिश लोक म्हणतात काय? शब्दकोशात काही सापडत नाही.

माद्रिदकर:
शब्दकोशात नाही सापडणार, तिकिटावर सापडेल: ‘सुखेतो आ एस्पासियो’. ‘जागेच्या अधीन’ म्हणा. लॅटिन अमेरिकेतही हाच प्रयोग चालतो. यादीचा उल्लेखच नाही, तिकिटाचा गुण सांगितला आहे. मला हे फार आवडतं, कारण इंग्रजी शब्द माणसाचं वर्णन करतो (‘स्टँड बाय’ मुळात जहाजावरचा हुकूम: तयार राहा) आणि स्पॅनिश शब्द अट सांगतो. तुमच्या नवव्या पानाचा घोळ इथेच सुटतो. वेटलिस्टवरचे ते ‘एन लिस्ता दे एस्पेरा’, आणि कर्मचारी-तिकिटवाले ते ‘कोन बियेते सुखेतो आ एस्पासियो’. पैसे भरून आधीचं विमान मागणाऱ्याला मात्र ‘लिस्ता दे एस्पेरा’च ठेवा, फक्त ‘त्याच दिवसाची, विमानतळावरची’ असं शेपूट जोडा.

‘स्टँडबाय’ तसाच ठेवायचा मोह आवरा. लॅटिन अमेरिकेत तो शब्द सर्रास वापरतात, पण अर्थ निराळा. प्रकल्प ‘एन स्टँडबाय’ आहे म्हणजे काम थंड्या बस्त्यात आहे.

आणखी एक. सीटसाठी दोन शब्द आहेत. ‘आसिएन्तो’ म्हणजे खुर्ची, १४-सी वगैरे. ‘प्लासा’ म्हणजे विमानातली एक जागा, मोजायची. स्टँडबायवाल्याला चिंता प्लासाची, आसिएन्तो नंतर. माझी मावशी मुलाच्या सवलतीवर प्रवास करताना इथे अडकली होती. काउंटरवरची बाई म्हणाली ‘नो आय प्लाथास’ (स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी ‘झेड’ अक्षराचा उच्चार ‘स’ऐवजी जीभ दातांत घालून ‘थ’). ‘प्लाझा’ म्हणजे चौक एवढं मावशीला सिनेमातून माहीत. तिने मला फोनवर सांगितलं, ‘अरे, ही म्हणते इथे चौक नाही. मला चौक कशाला हवाय?’

उपरा:
‘एस्पेरा’वर एक भाबडा प्रश्न. ड्युओलिंगोवर ‘एस्पेरार’ म्हणजे वाट पाहणे असं शिकलो, आणि दुसऱ्या धड्यात तेच क्रियापद ‘आशा करणे’. मग ती प्रतीक्षायादी की आशायादी?

माद्रिदकर:
दोन्ही. आणि आपण हसायला नको, आपल्याकडे ‘उमेदवार’ आहे. फारसीतून आलेली उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवारी करणे म्हणजे बिनपगारी राबत नोकरीची वाट पाहणे. स्टँडबायवाल्याला खरं तर ‘उमेदवार प्रवासी’ म्हणायला हवं.

गेटवरचा:
झकास! गेटवर हा शब्द आधी असता तर आमची घोषणा किती सोपी झाली असती.

शब्दवेडी:
मस्त, घेतलं. आता पुढचं कोडं. ‘स्टँडबाय प्रवाशाला विमानात घेतलं नाही तर’ याला मी ‘देनेगासिओन दे एम्बार्के’ केलंय, म्हणजे प्रवेश नाकारणे. बरोबर ना?

माद्रिदकर:
काढा, आजच्या आज काढा. हा युरोपीय कायद्यातला शब्द आहे. नियमावली २६१/२००४ मध्ये पक्कं आरक्षण असलेल्या प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध मागे ठेवलं, तर त्याला ‘देनेगासिओन दे एम्बार्के’ म्हणतात. त्यावर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई लागू होते. त्याच नियमावलीच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय की फुकट किंवा सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीवर प्रवास करणाऱ्यांना ती लागूच नाही. तुमची पुस्तिका वाचून एखादा कर्मचारी ६०० युरो मागत आला, तर मालक तुमच्याकडे बोट दाखवेल. साधं लिहा, ‘सि नो आय प्लासास’, जागा नसतील तर. बोलताना कर्मचारी काय म्हणतात सांगू? ‘मे केदे एन तिएर्रा’, मी जमिनीवरच राहिलो. पुस्तिकेत नका घालू, पण अख्ख्या प्रकरणातला हाच सगळ्यात खरा शब्द.

गेटवरचा:
स्टँडबायवरून आठवलं. आमच्याकडे केबिन क्रूचीही स्टँडबाय ड्यूटी असायची. कुणी आजारी पडलं तर धावायला तयार, बॅग भरून. तिथेही ‘सुखेतो आ एस्पासियो’?

माद्रिदकर:
छे, तो वेगळाच प्राणी. स्पेनमध्ये त्याला ‘इमाखिनारिया’ म्हणतात. शब्दशः ‘काल्पनिक’! लष्करातून आलाय: प्रत्यक्ष पहाऱ्यावर नसलेली, पण असलेली तुकडी बाहेर पडली तर उभी करायची म्हणून नेमून ठेवलेली तुकडी ती इमाखिनारिया. हवाई सुंदरी ‘आज मी इमाखिनारिया आहे’ म्हणते तेव्हा ती घरी गणवेश इस्त्री करून फोनकडे बघत बसलेली असते.

शब्दवेडी:
बाप रे. ३१व्या पानावर क्रूसाठी ‘स्टँडबाय’ आणि ‘रिझर्व्ह’ असे दोन्ही आहेत. मी दोन्हीला ‘रेसेर्बा’ केलं होतं.

माद्रिदकर:
युरोपीय नियमांत ते दोन वेगळे आहेत. रिझर्व्हवरच्या माणसाला ड्यूटीची सूचना किमान १० तास आधी द्यावी लागते. स्टँडबायवर फोन कधीही वाजू शकतो. रिझर्व्हला ‘रेसेर्बा’ ठीक आहे, पण प्रवाशांच्या प्रकरणात ‘रेसेर्बा’ म्हणजे बुकिंग. तेव्हा क्रूच्या पानावर दर वेळी ‘क्रूची रेसेर्बा’ असं पूर्ण लिहा.

उपरा:
आपल्या ‘राखीव’सारखंच झालं की. राखीव डबा म्हणजे जागा धरलेला, राखीव खेळाडू म्हणजे जागा न मिळालेला.

शब्दवेडी:
हे मला सुचायला हवं होतं! सगळ्यांचे आभार, लाल शाई निम्म्याने कमी झाली. एक शेवटचं. गिऱ्हाईक मेक्सिको आणि स्पेन दोन्हीकडे हीच प्रत वापरणार आहे. तिकिटाला काय लिहू?

माद्रिदकर:
स्पेनमध्ये बियेते, मेक्सिकोत बोलेतो, अर्जेंटिनात पासाखे, कोलंबियात तिकेते. बोर्डिंग पास इथे ‘तार्खेता दे एम्बार्के’, मेक्सिकोत ‘पासे दे आबोर्दार’. एक प्रत दोन्हीकडे चालवायची म्हणजे दोघांचीही नाराजी. दोन प्रती करा आणि दोन प्रतींचं बिल लावा.

शब्दवेडी:
बिलाचं भाषांतर जमतं मला. विचारते त्यांना.