ऑप्शनमध्ये 3 लाख 80 हजार गेले, आता रिकव्हर कसे करायचे?

संत्रानगरी_ट्रेडर:
नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या मानेवाड्याचा, प्रायव्हेट जॉब. बेसाकडे प्लॉट घ्यायला 6 लाख जमवले होते, त्यातले 3 लाख 80 हजार सात महिन्यांत निफ्टी ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाच्या चढउतारावरच्या सौद्यांत गेले. पहिल्या महिन्यात 22 हजार कमावले बरं का, बर्डीवर जाऊन बायकोला साडीपण घेतली. मग एका मंगळवारी एक्सपायरीला (सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी) 40 हजार गेले, ते काढायला दुप्पट लॉट (सौद्याचे गठ्ठे) टाकले, अन् तिथून जी घसरण सुरू झाली ती अजून चालूच आहे. ऑफिसात मोबाईल ड्रॉवरमध्ये उघडा ठेवून पाहत राहतो, डबा खाताना पण चार्टच. घरी माहीत नाही. एक टेलिग्रामवाला म्हणतो महिन्याला 30 टक्के काढून देतो, फी 15 हजार. घेऊन पाहू का?

तर्रीपोहे_भौ:
पहिले त्याला ब्लॉक कर बावा. ज्याला महिन्याला 30 टक्के जमतात तो तुझ्या 15 हजारासाठी काहून मरून राहिला? सेबीचा (शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर माग, गायब होते की नाही पाय. अन् रजिस्टर्डवाल्यालाही रिटर्नची गॅरंटी देता येत नाही.
आता हिशेब कर. 2 लाख 20 हजाराचे परत 6 लाख करायला जवळपास 173 टक्के पाहिजेत. तेवढ्याच्या मागे लागला की तू पुन्हा दुप्पट लॉटच टाकणार. मी पण केलं हे. 3 जून 2024 ला एक्झिट पोलवर मार्केट उडालं, मी कॉल (मार्केट चढेल असा सौदा) घेऊन झोपलो, दुसऱ्या दिवशी निकाल लागला अन् निफ्टी जवळपास 6 टक्के पडला. धरमपेठेत टपरीवर उभा होतो, हातातला चहा पार थंड झाला पण स्क्रीनवरून नजर हटेना. त्याच वर्षी सेबीचा अभ्यास आला, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स अन् ऑप्शन) करणाऱ्या 93 टक्के लोकांचा लॉसच. मी उगाच स्वतःला बाकीच्या 7 मध्ये धरून चाललो होतो.

कँडलवाला:
एवढं घाबरवू नका भाऊ. एकच लॉट, कडक स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्यावर आपोआप बाहेर), होते हळूहळू रिकव्हर.

तर्रीपोहे_भौ:
स्टॉपलॉस त्याने पण लावला असेल, भाव जवळ आला की खाली सरकवला असेल. खरं सांग रे.

संत्रानगरी_ट्रेडर:
हो 😔 दरवेळी.

हिशेब_वही:
मी एका सीएकडे काम करते, माझं थोडं वेगळं. गेलेल्या पैशातून जे निघू शकतं ते आधी काढा. आयटीआर-3 (धंद्याच्या उत्पन्नाचं इन्कम टॅक्स रिटर्न) मुदतीच्या आत भरा, एफ अँड ओचा लॉस पुढची 8 वर्षं बिझनेसच्या नफ्यासमोर लावता येतो. पगारासमोर नाही लागत, पण त्याच वर्षीचं एफडीचं व्याज किंवा घरभाडं असेल तर त्यातून वजा होतो. मुदत हुकली की पुढे नेणं बंद. इंट्राडे शेअर्स (त्याच दिवशी घेऊन विकायचे) केले असतील तर ते वेगळं धरा, त्याला 4 वर्षं अन् तो फक्त तशाच नफ्यासमोर. आमच्याकडे लोकं लाजेपोटी लॉस दाखवतच नाहीत, दोन वर्षांनी नोटीस आली की मग धावत येतात.

महालची_सून:
माझ्या नवऱ्याचं असंच झालं होतं. पैशाचा राग दोन महिन्यांत गेला, लपवल्याचा अजून आहे. आज रात्री जेवण झाल्यावर सांगा, जेवणाआधी नको.

संत्रानगरी_ट्रेडर:
अपडेट देतो. काल सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग एवढंच विचारलं की ती साडी त्याच पैशाची होती का. उरलेले पैसे तिच्या नावाने एफडीत टाकले, ॲप तिनेच डिलीट केलं. पी अँड एल (नफा-तोट्याचा हिशेब) आधीच काढून ठेवलं होतं. हिशेब_वही ताई, त्यात रिटर्नसाठी टर्नओव्हर (उलाढाल) कसा काढायचा? लॉस वजा करायचा का?

हिशेब_वही:
नाही नाही, वजा नका करू. नफा अन् तोटा दोन्हीचे आकडे बेरजेतच घ्यायचे, वजाचं चिन्ह सोडून. आकडा मोठा दिसेल, घाबरू नका.