सॅक्रामेंटोच्या सहलीसाठी मार्गदर्शन हवे आहे

मे महिन्यात भारतातून येणाऱ्या आई-बाबांना घेऊन आम्ही सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटोला जाणार आहोत. १८७४ मध्ये पूर्ण झालेले कॅपिटल (राज्याचे विधानभवन), सटरचा किल्ला आणि रेल्वे संग्रहालय पाहायचे हे नक्की आहे. मात्र वारंवार येणाऱ्या पुरांमुळे १८६० च्या दशकात रस्त्यांची पातळीच वर उचलली गेल्याने जुन्या इमारतींचे मूळ तळमजले जिथे जमिनीखाली गेले, ती तळघरे दाखवणारी फेरी गुडघेदुखी असलेल्या आईला झेपेल का, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. शहराच्या त्या जुन्या भागातील लाकडी फळ्यांच्या फुटपाथवर काठी घेऊन नीट चालता येते का? तसेच, १८४८ मध्ये जेम्स मार्शल यांना सोने सापडले ते कोलोमा (बाबांचा खरा ओढा तिकडेच आहे) त्याच दिवशी उरकावे, की एक मुक्काम वाढवावा?