मदत हवी आहे: आयसीयूतल्या डॉक्टरांना काय विचारायचं, कसं विचारायचं? (नागपूर)

काटोलची_लेक

नमस्कार. माझे बाबा (वय ६४, काटोलकडे संत्र्याची बाग आहे) धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहेत. ताप उतरत नव्हता, शेवटी काखेत काळी खपली सापडली आणि स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) निघाला. आता फुप्फुसं आणि किडनी दोन्हीवर आलंय. व्हेंटिलेटर आहे, डायलिसिस सुरू केलंय. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. आतले लोक जीव तोडून करून राहिले, हे दिसतं.

पण आम्हाला नीट कोणीच काही सांगत नाही. सकाळी राउंडचे मोठे डॉक्टर लिफ्टकडे जाता जाता म्हणतात, "थोडा फरक आहे." किडनीचे डॉक्टर म्हणतात, "बघू." रात्रीचे ड्युटी डॉक्टर म्हणतात, "मनाची तयारी ठेवा." एकाच दिवसात हे तिन्ही ऐकल्यावर माणसानं काय समजायचं? परवा मध्यरात्री गार्डनं हाक मारली, "बेड सातचे नातेवाईक!" दादा धावत गेला. दारातच कागद पुढे आला, सही करा म्हणून. डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत नळी टाकायची होती, हे त्याला सही झाल्यावर कळलं.

बाहेर आम्ही बरेच जण असतो. काका एक विचारतात, जावई दुसरं विचारतात, आणि घरी आईला प्रत्येक जण फोनवर वेगळंच सांगतो. मग ती मला म्हणते, "तू तरी खरं सांग." मला भांडायचं नाही. फाइल दाखवा म्हटलं तर डॉक्टर दुखावतील का? ज्यांनी हे भोगलंय किंवा जे आत काम करतात त्यांनी कृपया सांगा.

रात्रपाळी

ताई, मी नागपुरातच आयसीयूत स्टाफ नर्स आहे. आधी घरातून एकच माणूस ठरवा, तोच डॉक्टरांशी बोलेल. तुम्हीच व्हा. सिस्टरकडे तुमचं नाव आणि नंबर लिहून द्या. दहा जणांना दहा वेळा सांगताना आमचेही शब्द बदलतात, आणि तुम्ही घरी तेच घेऊन जाता.

मग मुख्य डॉक्टरांकडे वेळ मागा, "रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, बसून." कॉरिडॉरमध्ये गाठू नका, तिथं कोणीच पूर्ण बोलत नाही.

"कसे आहेत?" असं विचारलं की उत्तर मोघमच मिळतं. त्याऐवजी व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन किती टक्के चालू आहे ते विचारा. आपण श्वास घेतो त्या हवेत २१ टक्के असतो. काल ८० होता आणि आज ५० वर आला असेल, तर फुप्फुसं सावरत आहेत असं समजायला जागा आहे. बीपी टिकवायचं औषध कालपेक्षा वाढलं की कमी झालं? लघवी किती होते? ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलीच्या आसपास व्हायला हवी. डायलिसिस चालू असलं तरी हे विचाराच. वहीत तारीख टाकून लिहीत जा. चार दिवसांच्या नोंदी समोर असल्या की तुम्हालाच दिशा कळते.

आणि एक प्रश्न थेट विचारा, "पुढच्या दोन दिवसांत काय दिसलं तर तुम्हाला बरं वाटेल, आणि काय दिसलं तर काळजी वाटेल?" याला डॉक्टर टाळत नाहीत. निदान मी तरी टाळताना पाहिलं नाही.

रात्रीच्या डॉक्टरांवर रागावू नका. पेशंट रात्री कोसळला तर घरच्यांना आधी सांगितलं नव्हतं असं व्हायला नको, म्हणून ते वाईटातलं वाईट सांगतात.

सदर_वाला

फाइलबद्दल बिनधास्त विचारा, तो हक्क आहे. रुग्णहक्क सनदेत भरती असलेल्या पेशंटच्या कागदपत्रांची प्रत २४ तासांत द्यावी असं आहे, डिस्चार्जनंतर ७२ तासांत. २०२१ च्या राज्याच्या नर्सिंग होम नियमांनुसार ही सनद हॉस्पिटलच्या दर्शनी भागात लावायची असते, भिंतीवर शोधा. मागताना एवढंच म्हणा, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची आहे." कोणी दुखावत नाही. सहीच्या वेळी मात्र थांबवा. काय करणार, का करणार, नाही केलं तर काय, हे दोन मिनिटांत सांगता येतं. जीव जायची वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

काटोलची_लेक

खूप आभार. आज वेळ मागितली, संध्याकाळी पाचला बोलावलंय. ऑक्सिजन ६० वर आहे हे सिस्टरनं लगेच सांगितलं, कालचा आकडाही वहीत लिहून घेतला. एक राहिलं, आईला आत न्यावं का? नळ्या पाहून ती खचेल असं सगळे म्हणतात.

रात्रपाळी

न्या. आधी बाहेर बसवून सांगा की तोंडात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, हात बांधलेले दिसले तर ते नळी ओढू नये म्हणून, आणि अंगावर सूज आहे. हे माहीत नसताना समोर गेलेली माणसं जास्त खचतात. हात धुवून हाताला हात लावू द्या, नेहमीच्या नावानं हाक मारू द्या. झोपेचं औषध असलं तरी काहींना आवाज कळतो. पाचच्या भेटीलाही त्यांना सोबत घ्या, म्हणजे फोनवरचं वेगवेगळं सांगणं आपोआप थांबेल.